वहिनींचा पाहुणचार

मास्तरांनी अख्ख्या गावाला गाडी शिकवली, पण स्वतः मास्तर गाडी चालवताना गावात फारसे कुणाला दिसले नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक बसतो डावीकडे. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, आणि मास्तरांच्या पायाखाली जादा बसवलेला एक क्लच आणि एक ब्रेक. डॉक्टर, वकील, लग्न ठरलेल्या मुली, रिटायर झाल्यावर हौस आलेले आजोबा, सगळ्यांच्या चुका मास्तरांनी आयुष्यभर पायानं सावरल्या. त्यामुळे परदेशात स्टिअरिंग डावीकडे असतं हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. "बघ," ते बायकोला म्हणाले, "जन्मभर ज्या जागेवर बसलो, तिथंच चाक आलंय. देवानं उशिरा का होईना, ऐकलं."

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. आधी धाकटे दीर म्हणायला लागले, मग गल्ली, मग ड्रायव्हिंग स्कूलची पोरं, मग भाजीवाली. रागाच्या भरात तर खुद्द मास्तरही 'वहिनी, आता पुरे' असं म्हणून जात. त्यांचं घर सरकारी दवाखान्याच्या समोर आणि बसस्टँडच्या पाठीमागे. त्यामुळे नात्यातलं कुणी आजारी पडलं, कुणाची परीक्षा असली, कुणाची कोर्टात तारीख असली की पहिला मुक्काम वहिनींकडे. गादी घालायची, ताट वाढायचं, जाताना हातावर काहीतरी ठेवायचं. सकाळी उठून आधी चपला मोजायच्या आणि मग कणीक भिजवायची, अशी त्यांची रीत. आल्यागेल्याचं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण वहिनी स्वतः कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लग्नाला गेल्या तरी अक्षता पडायच्या आत त्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असत.

मास्तरांनी स्कूल पुतण्याच्या हवाली केली तेव्हा लेकीनं हट्टानं दोघांना या प्रवासाला पाठवलं. विमानाची तिकिटं, भाड्याची गाडी, मुक्कामाच्या खोल्या, सगळं तिनंच ठरवून दिलं. फोनमध्ये एक सोय करून दिली, की आपण मराठीत बोलायचं आणि फोन तेच त्यांच्या भाषेत बोलणार. पहिले काही दिवस सगळं छान गेलं. मास्तर गाडी चालवत, मधूनच शीळ घालत. वहिनी उजवीकडे बसत. आपल्याकडे ज्या जागी स्टिअरिंग असतं तिथं आपण रिकाम्या हातानं बसलोय, याची त्यांना धास्ती वाटे. वळण आलं की त्या पायानं खालचा पत्रा दाबत.

मग आला घाट. चांगलाच उंच, वळणावळणाचा. निम्मा चढून झाल्यावर गाडीतून जळका वास यायला लागला. वहिनी म्हणाल्या, काहीतरी करपतंय. मास्तर म्हणाले, बाहेरचा असेल. पुढच्या वळणावर इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागची हलेना. नशिबानं तिथून एक फाटा खाली जात होता आणि त्या उताराला लागूनच एक छोटं गाव होतं. मास्तरांनी गाडी तशीच उतारावर सोडली आणि ती घरंगळत घरंगळत गावच्या चौकात, एका दुकानाच्या दारात येऊन थांबली.

ते दुकान बेकरीचं होतं. दारात एक उंचनिंच, धिप्पाड बाई उभी होती. कोपरापर्यंत हात पिठानं पांढरे, कमरेला ॲप्रन. दुकानाच्या पायरीला गाडी जवळजवळ टेकलीच, पण बाई हलली नाही. तिनं वाकून काचेतून आत पाहिलं, वहिनींचा उतरलेला चेहरा पाहिला, आणि आत जाऊन पाण्याचे दोन ग्लास घेऊन आली. काय झालं, कोण तुम्ही, हे सगळं तिनं पाणी पिऊन झाल्यावर विचारलं. वहिनींनी ते मनात टिपून ठेवलं. त्यांचीही हीच पद्धत होती.

गावातला गॅरेजवाला आला. बॉनेट उघडायचीही त्याला गरज पडली नाही. वास घेतला, एकदा गियर टाकून पाहिला आणि मान हलवली. क्लच प्लेट जळाली होती. फोनमधल्या बाईनं त्याचं बोलणं मराठीत केलं ते असं: "चालक महोदयांचा डावा पाय अतिशय आळशी आहे. तो पेडलवर झोपतो."

मास्तरांचा चेहरा असा झाला, की वहिनींना हसू आवरेना, आणि कीवही आली. शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून बसून डावा पाय कायम क्लचवर ठेवायची त्यांना सवय लागली होती. पोरानं गडबड केली की दाबायला तयार. आता शिकाऊ पोरगं नव्हतं, पण पाय आपल्या ड्यूटीवर हजर होता. घाट चढताना सारा वेळ तो क्लचवरच होता.

"क्लचवर पाय ठेवू नका, हे मी किती जणांना सांगितलं असेल गं," मास्तर हळूच म्हणाले.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं त्यांनी दयेपोटी गिळलं.

गाडीच्या कंपनीला फोन लावला. त्यांनी सांगितलं, दुसरी गाडी पाठवतो, पण परवा सकाळी. गावात एक लॉज होतं, ते दुरुस्तीसाठी बंद. मास्तर आणि वहिनी बॅगा घेऊन चौकात उभे राहिले. तेवढ्यात त्या बेकरीच्या बाईनं, जिला वहिनींनी मनातल्या मनात बेकरीण असं नाव देऊन टाकलं होतं, काही न बोलता मोठी बॅग उचलली आणि जिना चढायला लागली. मोठी बॅग गेली म्हटल्यावर तिच्या मागोमाग माणसांनाही जावं लागलं.

बेकरीच्या बरोब्बर वर बेकरिणीचं घर होतं. एक स्वयंपाकघर, त्यातच जेवायचं टेबल, आणि पलीकडे दोन खोल्या. त्यातली एक तिच्या लेकीची होती. ती लग्न होऊन घाटापलीकडच्या शहरात राहायला गेली होती. भिंतीवर तिचे शाळेतले फोटो, कोपऱ्यात गिटार, पलंगावर फुलाफुलांची गोधडी. खोलीची फरशी चक्क कोमट होती, कारण खाली भट्टी. वहिनींनी चपला काढल्या आणि त्यांच्या दुखऱ्या टाचांना असं बरं वाटलं, की त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

पण ते क्षणभरच. लगेच त्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. ओळख ना पाळख, लोकांच्या घरी येऊन पडायचं म्हणजे काय. त्या स्वयंपाकघरात गेल्या. बेकरीण भाजी चिरत होती. वहिनींनी सुरी मागितली, तिनं दिली नाही. सिंकमध्ये चार भांडी होती, वहिनींनी बाह्या सरसावून नळ सोडला. बेकरिणीनं नळ बंद केला, वहिनींच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं. जोर असा, की गोणी ठेवावी. वहिनी थोड्या वेळानं पुन्हा उठल्या आणि टेबल पुसायला लागल्या. ते फडकंही हातातून गेलं.

मास्तरांना यातलं काहीच बोचत नव्हतं. ते खाली बेकरीवाल्यापाशी जाऊन बसले होते. बेकरीवाला हा बुटका, शांत, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेला माणूस. त्या पिकल्या होत्या की पिठानं माखल्या होत्या ते सांगणं कठीण. तो मास्तरांना भट्टी दाखवत होता, लांब दांड्याच्या फळीवरून पाव कसा आत सरकवायचा ते दाखवत होता, आणि मास्तर 'अच्छा, अच्छा' करत ताजा पाव मोडून खात होते.

जेवताना बेकरिणीनं वाढलेलं वहिनींनी नेमकं तेवढंच खाल्लं. आणखी वाढू का म्हटल्यावर ताटावर हात आडवा धरला. पोट भरलं नव्हतं, पण पाहुण्यानं पहिल्याच दिवशी दुसऱ्यांदा घ्यायचं नसतं असं त्यांना वाटत होतं. झोपायच्या खोलीत आल्यावर त्या मास्तरांना म्हणाल्या, की मला इथे अवघडल्यासारखं होतंय.

मास्तर गोधडीत शिरले होते. म्हणाले, "आपल्याकडे लोक येतात, तेव्हा ते अवघडतात का?"

"छे. हक्कानं येतात."

"मग त्यांनी अवघडावं असं तुला वाटतं का?"

वहिनींनी दिवा मालवला. मास्तर घोरायला लागल्यावरही त्या विचार करत होत्या. आपल्याकडे येणारी एक चुलतसासू होती, ती ओटा सोडत नसे, सारखी काहीतरी धुवायला, निवडायला घ्यायची. तिचा वहिनींना फार कंटाळा यायचा. आपण तीच चुलतसासू झालोय, हे ध्यानात आल्यावर त्यांना अंधारातच हसू आलं. फरशीची ऊब गादीतून वर येत होती. त्या कुशीवर वळल्या आणि गाढ झोपल्या.

पहाटे घरात धावपळ ऐकू आली. वहिनी उठून स्वयंपाकघरात आल्या, तर बेकरीण अंगात कोट चढवत होती, एकाच पायात बूट होता आणि दुसरा सापडत नव्हता. बेकरीवाला भट्टीवरून तसाच वर आला होता. फोन मध्ये धरून उलगडा झाला. बेकरिणीची लेक गरोदर होती, दिवस अजून बाकी होते, पण पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं आणि शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं. जावई कामानिमित्त बोटीवर, समुद्रात. आईनं जायलाच हवं होतं.

पण घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. बेकरिणीला गाडी चालवता येत नव्हती. बेकरीवाल्याला येत होती, दारात पावाची व्हॅनही होती, पण खाली पीठ फुगून तयार होतं आणि भट्टी तापली होती. सगळं गाव, शाळा आणि टेकडीवरचा वृद्धाश्रम त्यांच्याच पावावर अवलंबून. बस दुपारशिवाय नव्हती. बेकरीवाला म्हणत होता, जाऊ दे पीठ वाया, मी येतो. बेकरीण म्हणत होती, म्हाताऱ्यांना उपाशी ठेवून मी नातवंडाचं तोंड बघणार नाही.

मास्तर दारात येऊन उभे होते. अंगात घरचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. ते फोनमध्ये म्हणाले, "मी नेतो."

वहिनींनी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, काल एक क्लच जाळलात."

"म्हणूनच आज जळणार नाही."

यावर वहिनींचं काही चाललं नाही. मास्तरांनी पँट चढवली, व्हॅनचे आरसे नीट केले, गियर एकदा बसल्या बसल्या टाकून पाहिले आणि शेजारी बसलेल्या बेकरिणीला पट्टा लावायची खूण केली. सगळं शिकवणीच्या पहिल्या दिवसासारखं. व्हॅन चौकातून वळली तेव्हा वहिनींनी पाहिलं, मास्तरांनी डावा पाय मुद्दाम उचलून बाजूला ठेवला होता आणि गुडघा दारापाशी दिसत होता.

व्हॅन गेली आणि वहिनींच्या ध्यानात आलं, की फोनही मास्तरांच्या खिशात गेला. आता घरात त्या होत्या, बेकरीवाला होता, आणि दोघांमध्ये एकही शब्द सामाईक नव्हता. बेकरीवाल्यानं खाली जाऊन पहिली खेप भट्टीत सारली. मग तो काउंटरकडे पाहायला लागला, मग भट्टीकडे, मग परत काउंटरकडे. भट्टीपुढून त्याला हलता येत नव्हतं आणि काउंटरला रोज बेकरीण असायची. वहिनींना त्याची पंचाईत कळायला शब्दांची गरज नव्हती. दोन चुलींवर दोन पातेली ठेवून दाराची घंटा वाजली की माणूस असाच दिसतो. त्यांनी खुंटीवरचं ॲप्रन घेतलं. ते बेकरिणीच्या मापाचं, म्हणून दोनदा गुंडाळून बांधलं आणि काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशी, असं त्या मनाशी म्हणाल्या; पण त्या उभ्या होत्या ताठ.

पहिल्या आल्या एक काठीवाल्या आजी. दार उघडून त्यांनी वहिनींना पाहिलं आणि बाहेर जाऊन पाटी वाचून परत आत आल्या. आपण योग्य दुकानात आलोय याची खात्री झाल्यावर त्यांनी काहीतरी विचारलं. बेकरीण कुठेय, हेच असणार. वहिनींनी पोटावर हातानं मोठा गोल काढला आणि मग दोन्ही हातांचा पाळणा करून झुलवला. आजींनी डोळे मोठे केले. वहिनींच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि काउंटरवरून हात लांबवून मोठ्या सहानुभूतीनं त्यांचा हात थोपटला.

गैरसमज वहिनींच्या लक्षात आला तशा त्या लाजून लाल झाल्या. मग त्यांनी दुकानाच्या भिंतीवर लावलेला एक फोटो दाखवला. बेकरीण आणि तिच्याशेजारी शाळेच्या पोशाखातली लेक. तिच्याकडे बोट, मग पोट, मग पाळणा. आता आजींना लख्ख उजेड पडला. त्या पाव न घेताच बाहेर पडल्या आणि चौकात जी कोण दिसेल तिला सांगत सुटल्या. थोड्या वेळानं पाव न्यायला परत आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी चौघीजणी होत्या.

त्यानंतर वहिनींना काही सांगावं लागलं नाही. पोस्टमन आला तो दारातूनच हाताचा पाळणा करत. गॅरेजवाला आला, त्यानं पाळणा केला आणि मग स्वतःच्या डाव्या पायाकडे बोट दाखवून भुवई उंचावली, म्हणजे तुमचे आळशी पायवाले कुठेत. वहिनींनी हातानं स्टिअरिंग फिरवून घाटाकडे बोट दाखवलं. गॅरेजवाल्यानं छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं. दुकानात हशा पिकला. जाताना त्यानंच शाळेच्या आणि वृद्धाश्रमाच्या पावाच्या टोपल्या आपल्या गाडीतून नेल्या.

कामाची घडी हळूहळू बसत गेली. भट्टीकडून गरम पावांची टोपली यायची, वहिनी ते फडताळात लावायच्या. लांबट इकडे, गोल तिकडे, काळसर खालच्या फळीवर. गिऱ्हाईक बोटानं दाखवायचं, वहिनी कागदात गुंडाळून द्यायच्या, आणि काय ते पैसे ज्याचे त्यानं काउंटरवरच्या वाडग्यात टाकायचे. पाव हातात घेतल्यावर खालून टिचकी मारून पाहायची त्यांना सवय लागली, कारण बेकरीवाला तसं करताना त्यांनी पाहिलं होतं. एक कच्चट वाटला तो त्यांनी सरळ परत आत पाठवला. बेकरीवाल्यानं तो हातात घेतला, टिचकी मारली आणि मुकाट्यानं पुन्हा भट्टीत सारला.

उन्हं वर आली तसं गिऱ्हाईक पाव घेऊन जायचं सोडून दुकानातच रेंगाळायला लागलं. बातमी कळल्याशिवाय कुणाचा पाय निघेना. काठीवाल्या आजी भिंतीला टेकून उभ्या, एक बाई कडेवरच्या मुलाला झुलवत उभी, पोस्टमन पिशवी खाली ठेवून उभा. आणि वहिनींना हे सहन होईना. दारात आलेलं माणूस उभं ठेवायचं म्हणजे काय. त्या वर गेल्या, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन दोन करून जिन्यावरून खाली आणल्या. मग त्यांना वाटलं, नुसतं बसवून काय उपयोग. पुन्हा वर गेल्या. काल जिथून खांद्यांना धरून बाजूला केलं होतं त्या ओट्यापुढे त्या उभ्या राहिल्या, मोठं पातेलं शोधलं, दूध शोधलं, चहाची पत्ती वास घेऊन ओळखली, मिठाची बरणी आधी चाखून बाजूला ठेवली मग साखरेची उचलली, आणि सगळ्यांना पुरेल असा चहा उकळला. दाट, गोड, घरच्यासारखा.

आजींनी पहिला घोट घेतला आणि कप पुढे धरला. अजून हवा होता. वहिनींना इतका आनंद झाला, की त्यांनी दुसऱ्या खेपेला आजींचा कप अगदी काठोकाठ भरला.

दुकानातला फोन वाजला तेव्हा कुणीच हललं नाही. बेकरीवाला भट्टीकडून आला, हात ॲप्रनला पुसले आणि रिसीव्हर कानाला लावला. तो नुसता ऐकत राहिला. मग रिसीव्हर ठेवून दोन शब्द बोलला. बायकांनी एकदम श्वास सोडला आणि एकमेकींना मिठ्या मारल्या. आजींनी वहिनींकडे वळून हातानं वेणी घातल्याची खूण केली. मुलगी झाली होती. आई आणि बाळ, दोघींचं बरं होतं; ते आजींनी दोन बोटं दाखवून आणि मग दोन्ही गालांवर हात ठेवून शांत झोपेची खूण करून सांगितलं.

बेकरीवाला पिठाच्या गोणीवर खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गालावरच्या पिठातून दोन ओल्या रेघा खाली आल्या. दुकानात इतकी माणसं असूनही कुणी त्याच्याजवळ जाईना, बहुतेक त्यांनी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. वहिनी काउंटरमागून बाहेर आल्या. धाकट्या दिराच्या डोक्यावर ठेवावा तसा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो त्यांच्याकडे पाहून बराच वेळ काहीतरी बोलला. फोन तर घाटापलीकडे होता. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मधे मधे 'हो ना' म्हणाल्या, आणि त्याला पातेल्यात उरलेला चहा दिला. तो काय बोलला होता ते त्यांना पुढेही कधी कळलं नाही. विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी व्हॅन चौकात आली. मास्तर उतरले ते परीक्षेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखे. त्यांचं वर्णन जेवणापर्यंत चाललं. बेकरीण घाटभर एका हातानं वरची मूठ धरून बसली होती आणि दुसऱ्या हातानं वळणं दाखवत होती. चुकीच्या वळणाला ती मास्तरांच्या खांद्यावर चापट मारायची. शहरात सिग्नलला मास्तर थांबले तर तिनं खिडकीतून डोकं काढून पुढच्या गाडीवाल्याला असं काही सुनावलं, की त्यानं रस्ता दिला. दवाखान्यात मास्तर बाहेर बाकावर बसले होते. नर्स बाहेर आली, पुरुष माणूस एकटाच बसलाय, वयही जुळतंय, म्हणून तिनं गुंडाळलेलं बाळ सरळ मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

"मग तुम्ही काय केलंत?" वहिनींनी विचारलं.

"काय करणार? घेतलं," मास्तर म्हणाले. "घट्ट डोळे मिटलेले होते. एवढंसं नाक. फोन काढून मी आजोबा नाही असं सांगेपर्यंत तिनं माझं बोट धरलं होतं. मग म्हटलं, राहू दे, होतो थोडा वेळ."

वहिनींनी ते बोट हातात घेऊन पाहिलं.

बेकरीण दमून चूर झाली होती, पण स्वयंपाकाला कुणाला हात लावू दिला नाही. आज वहिनींनीही सुरी मागितली नाही. त्या खुर्चीत बसून राहिल्या, पाय टेबलाखाली लांब केले आणि तिला काम करताना पाहत राहिल्या. ओट्यावर चहाचं मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. बेकरिणीनं ते पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि फोनमध्ये काहीतरी म्हणाली. फोनमधली बाई म्हणाली, "संपूर्ण चौकात लोक मला तुमच्या दुधाच्या चहाबद्दल सांगत आहेत. मी आता उद्यापासून काय विकायचे?"

जेवताना बेकरिणीनं वाढलं. पहिलं वाढणं संपल्यावर वहिनींनी ताट स्वतःहून पुढे सरकवलं. बेकरीण हसली नाही, की त्याचा गाजावाजा केला नाही. तिनं पळी भरून वाढलं आणि आपल्या जागी जाऊन बसली. दुसऱ्यांदा घेतलेलं ते जेवण वहिनींनी सावकाश, चवीनं खाल्लं. कुणाच्या ताटात काय संपलंय याकडे एकदाही लक्ष न देता जेवल्याचं त्यांना माहेर सुटल्यापासून आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी आली. बॅगा भरून वहिनी खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या मनात निरोपाची धाकधूक होती. निरोप त्यांना चांगला माहीत होता, पण तो देणाऱ्याच्या बाजूनं. दारात उभं राहायचं, पुन्हा या म्हणायचं, गाडी वळेपर्यंत हात हलवायचा. आपल्याला काय म्हणायचं असतं ते त्यांनी रात्री दोनदा ठरवूनही ठेवलं होतं.

पण दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती. बातमी ऐकून आजूबाजूच्या वस्त्यांवरूनही माणसं आली होती. बेकरीण काउंटरमागे दोन्ही हातांनी पाव गुंडाळत होती. तिनं वहिनींना पाहिलं, एक गरम पाव त्यांच्या हातात कोंबला, पिठाच्या हातानं गालाला हात लावला आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बेकरीवाला भट्टीपुढूनच मान वाकवून दिसला न दिसला. ठरवून ठेवलेलं वाक्य वहिनींच्या तोंडातच राहिलं.

त्या गाडीत येऊन बसल्या. मास्तरांना वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. म्हणाले, घाईत होती बिचारी, नाहीतर आली असती बाहेरपर्यंत.

"कशाला यायला हवं?" वहिनी म्हणाल्या. "आपले दीर बाजारात निघाले, तर मी जाते का दारापर्यंत?"

मास्तर गाडी सुरू करायला लागले. बाहेर काठीवाल्या आजी पायरी चढत होत्या. त्यांनी गाडीत वहिनींना पाहिलं, थांबल्या, काठी कोपरात अडकवली आणि दोन्ही हातांचा पाळणा करून झुलवला. वहिनींनीही केला.

घाट उतरताना एका मोकळ्या जागी त्यांनी गाडी थांबवली. खाली दरीत नदी होती, पलीकडे उताराची शेतं. पाव अजून कोमट होता. मास्तर मोडायला गेले, तर वहिनींनी तो काढून घेतला, खालून टिचकी मारून पाहिली, कानाशी नेला.

"चांगला भाजलाय," त्या म्हणाल्या, आणि मधोमध मोडून निम्मा त्यांच्या हातात दिला.